विषम आकड्यांच्या जागी समुद्र

ब्राझीलमधल्या रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर पत्ता विचारा, उत्तरात आधी आकडा येतो. ‘पोश्तू पाचपाशी.’ पोश्तू म्हणजे वाळूकडेची जीवरक्षकांची चौकी. लिहितात ‘पोस्तो’, पण रिओकरांच्या जिभेवर अशा ‘स’चा ‘श’ होतो. लेमेच्या टोकापासून कोपाकबानाच्या किल्ल्यापर्यंत एक ते सहा, मग पुढच्या किनाऱ्यांवर: आर्पोआदोरला सात, इपानेमात आठ ते दहा, लेब्लोनला अकरा-बारा. समुद्रकाठच्या अवेनिदा अटलांटिका या रस्त्यावरचे घरक्रमांकही लेमेकडूनच चढतात आणि सगळे सम; विषम आकड्यांच्या जागी समुद्र आहे. १९२३ सालचं कोपाकबाना पॅलेस हॉटेल १७०२ क्रमांकावर, म्हणजे ३२०० शोधणाऱ्याला अजून बरीच पायपीट आहे.

चालायला सुरुवात लेमेहून करावी. चार किलोमीटर, न थांबता तासाभराचं काम. पण इथे नजर खालीच जाते. पांढरा चुनखडक आणि काळा बसाल्ट, मुठीएवढे तुकडे हातोडीने घडवून भरणीवर एकेक बसवलेले. लाटेची नक्षी लिस्बनच्या रोसिओ चौकातून आली. १९७० च्या सुमारास भराव घालून किनारा नि रस्ता रुंद केला, तेव्हा उद्यानरचनाकार बुर्ले मार्क्स यांनी तिला आजचं रूप दिलं. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर आणि इमारतींपुढे त्यांनी तांबडा दगडही वापरला. ते आकार चालणाऱ्याला उमगतच नाहीत, दहाव्या मजल्यावरच्याला उमगतात. जरा अन्यायच आहे!

या फरशीची खोड अशी, की एक दगड निघाला की शेजारचे सैल होतात. पावसात गुळगुळीत चुनखडकावर झिजलेली रबरी चप्पल सरकते. फोटोसाठी दोन पावलं मागे सरकणारा हमखास सायकलींच्या पट्ट्यात जातो आणि घंटी खातो. रविवारी समुद्राकडचा रस्ता संध्याकाळपर्यंत गाड्यांना बंद असतो, तेव्हा खुशाल डांबरावरून चालावं.

ऊन चढलं की आत वळावं. समुद्राला समांतर आधी नोसा सेन्योरा दे कोपाकबाना, मग बाराता रिबेरो. बस, औषधांची दुकानं, पिशव्या घेतलेल्या आज्या. खरी वस्ती इथेच. कोपऱ्यावरच्या रसाच्या दुकानात ‘काजू’ मागा, जवळपास याच उच्चारात. फळ ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं नि नावही सोबत आलं. तिकडे बोंडूची फेणी होते, इथे रस. घशाला तोच तुरटपणा. जेवण ‘पोर किलो’, ताट तोलून पैसे. घेवड्याची रस्सेदार उसळ आणि कलिंगड काटा झपाट्याने खाली नेतात, पालेभाजी नाही.

पोश्तू सहापाशी कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. जवळच्या बाकावर कवी द्रुमों दे आंद्रादे यांचा ब्राँझचा पुतळा समुद्राकडे पाठ करून बसलाय, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत. त्याचा चष्मा किती वेळा चोरीला गेला, याची रिओत थट्टा चालते.

तिथून फ्रान्सिस्को ओतावियानो रस्त्याने दहाएक मिनिटांत आर्पोआदोर. इपानेमाच्या फरशीवर लाटा नाहीत, भौमितिक आकार आहेत. वस्ती बदलल्याचं पायालाच कळतं. आर्पोआदोरच्या खडकावर सूर्यास्ताला टाळ्या पडतात. समुद्रात बुडणारा सूर्य मात्र डिसेंबर-जानेवारीतच दिसतो. जूनमध्ये तो डोंगराआड जातो, तोही सव्वापाचच्या आतबाहेर, तेव्हा साडेचारलाच जागा धरावी.