कॅन्सर आणि प्रवास विमा: ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाकडे बघा

‘कॅन्सर सोडून बाकी सगळं कव्हर होतं,’ असं एजंट सांगतो. प्रीमियमही बेताचा असतो. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात कॅन्सर थोडाच उलटणार आहे, असं वाटून माणूस सही करून मोकळा होतो. पण पॉलिसीतलं कलम नुसता कॅन्सर वगळत नाही. त्याची भाषा बहुधा ‘आधीपासूनचा आजार आणि त्यातून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे उद्भवणारी कोणतीही तक्रार’ अशी असते, आणि परक्या देशात दवाखान्यात दाखल व्हायची वेळ येते ती बऱ्याचदा या ‘अप्रत्यक्ष’पायीच.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचंच घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. केमो, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा शिरेतून औषध देण्यासाठी छातीत बसवलेला पोर्ट यांनी तो आणखी वाढतो, त्यात चार तासांहून लांबच्या विमानप्रवासाची भर पडते. गुठळी फुप्फुसात सरकली तर थेट आयसीयू. कंपनीचा डॉक्टर तिचा संबंध कॅन्सरशी लावणार, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याला खोटं पाडणं अवघड. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअसचा ताप म्हणजे इमर्जन्सी. काखेतल्या गाठी काढल्यामुळे सुजणाऱ्या हाताला किडा चावून होणारा जंतुसंसर्ग, कॅन्सर हाडात पसरलेला असताना साध्या ठेचेनं मोडलेलं हाड, पोटाच्या जुन्या ऑपरेशनमुळे अडकलेलं आतडं, हे सगळं त्याच खात्यात जातं. पंधरा वर्षांपूर्वी उपचार संपले, औषध बंद, तपासण्या स्वच्छ, अशा माणसानं विचार करून ही जोखीम घेतली तर समजू शकतं. केमो चालू असताना अशी पॉलिसी घेणं म्हणजे फक्त बॅग हरवण्याचा विमा काढणं.

युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर दाखवावं लागतं. त्यामुळे एक गैरसमज होतो. व्हिसासाठी चाललेली पॉलिसी तुमच्या आजाराला चालेलच असं नाही. काही पॉलिसी ‘जीव धोक्यात असेल तर’ जुन्या आजारालाही पैसे देतात. मात्र ती रक्कम मूळ विम्याच्या मानानं किती लहान आहे आणि प्रकृती स्थिर होताच ती थांबते का, हे आधीच विचारून घ्या.

आता कंपनीला आजार जाहीर करण्याचा भाग. फोन करण्यापूर्वी बायॉप्सीचा रिपोर्ट, शेवटची डिस्चार्ज समरी, औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख समोर ठेवा. प्रश्न ठरलेले असतात: कॅन्सर कोणता, निदान कधी झालं, दुसरीकडे पसरला आहे का, कोणते उपचार झाले, शेवटचा उपचार कोणत्या तारखेला, गेल्या वर्षभरात किती वेळा दाखल व्हावं लागलं, एखाद्या तपासणीचा निकाल यायचा आहे का, डॉक्टरांनी आयुष्याची मुदत सांगितली आहे का.

गोंधळ होतो तो ठरावीक जागी. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच ते दहा वर्षं हार्मोनच्या गोळ्या चालतात. रुग्णाच्या लेखी उपचार कधीच संपलेले असतात, कंपनीच्या लेखी ते चालूच असतात. गोळीचं नाव सांगा आणि ‘याला तुम्ही चालू उपचार धरता का?’ असं विचारा. दुसरी जागा म्हणजे बाकी असलेला निकाल. स्कॅन झालाय पण रिपोर्ट आलेला नाही, अशा वेळी बऱ्याच कंपन्या नकार देतात, म्हणून शक्य असेल तर रिपोर्ट हातात आल्यावरच फोन करा. तिसरी, प्रश्नातला काळ. ‘गेल्या पाच वर्षांत’ आणि ‘कधीही’ हे वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलं त्याचंच उत्तर द्या, पण पूर्ण द्या. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला, पसरण्याआधी काढून टाकलेला कॅन्सरही सांगायचा. लपवलं तर फक्त कॅन्सरचा क्लेम जाईल असं समजू नका, कंपनी अख्खी पॉलिसी रद्द ठरवू शकते.

दिलेली उत्तरं लेखी मागवा आणि शब्द न् शब्द वाचा. ऐकणाऱ्यानं ‘पसरलेला नाही’च्या जागी ‘पसरलेला आहे’वर खूण केली तर भुर्दंड तुम्हाला, आणि उलट झालं तर क्लेमच्या वेळी वाद.

एका नकारानं खचू नका. त्याच उत्तरांवर दोन कंपन्यांच्या प्रीमियममध्ये कित्येक पटींचा फरक पडतो, कारण जोखीम मोजायची प्रत्येकीची पद्धत वेगळी. वेबसाइटवर नाकारलेली केस फोनवर, माणसानं पाहिल्यावर, मंजूर होऊ शकते. अमेरिका वगळून जग असा पर्याय असेल तर आकडा बराच उतरतो. पैसे परत न मिळणारं तिकीट मात्र हे सगळं होईपर्यंत काढू नका. क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या फुकट विम्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

पॉलिसी घेतल्यानंतर औषध बदललं, नवी गाठ दिसली किंवा नवी तपासणी ठरली, तर निघण्यापूर्वी कंपनीला कळवावं लागतं. वार्षिक पॉलिसीत हे विशेष निसटतं. तिथे आणखी एक खाच आहे: पॉलिसीची तारीख निघायच्या दिवसापासून घेतली, तर त्याआधी प्रवास रद्द झाल्यास काहीच मिळत नाही. एकेका प्रवासाच्या पॉलिसीत रद्द होण्याचं कव्हर सहसा पैसे भरल्यापासून सुरू होतं.

सोबतच्या माणसाची पॉलिसी वेगळी काढली की त्याचा प्रीमियम वाढत नाही. पण तुम्ही आजारी पडल्यामुळे त्याचा प्रवास रद्द झाला तर त्याला पैसे मिळतील का? सोबत्याचा किंवा घरच्यांचा जुना आजारही अनेक पॉलिसी वगळतात. हा प्रश्न त्याच्या कंपनीला विचारायचा.

प्रवासाला हरकत नाही, असं डॉक्टरांचं तारीख घातलेलं पत्र घ्या. डॉक्टर नको म्हणत असताना गेलात तर कव्हर संपलंच. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात. मॉर्फिनसारखी औषधं काही देशांत आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाहीत. नुकतीच रेडिओॲक्टिव्ह आयोडीनची मात्रा घेतली असेल तर तेही पत्रात हवं. विमानतळावरची किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रं त्यानं वाजू शकतात.

तिकडे दाखल व्हायची वेळ आली तर शक्य तेवढ्या लवकर कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा. मंजुरीशिवाय झालेला खर्च नंतर अडकतो. डिस्चार्ज समरी हातात आली की तिथेच वाचा. अनेक डॉक्टर सवयीनं पहिल्याच ओळीत कॅन्सरचा इतिहास लिहितात, आणि दूषित पाण्यानं झालेले जुलाबही मग कॅन्सरच्या नावावर जातात. या वेळी दाखल होण्याचं खरं कारण वेगळ्या ओळीत, स्पष्ट लिहून द्यायला सांगा. परत आल्यावर ती दुरुस्ती मिळवायला महिने जातात.