तुम्ही विचारलंत म्हणून: अज्ञातं दोन, समीकरण एक, तरी माहिती पुरेशी?

बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी सोलापूरची मुलं डेटा सफिशियन्सीबद्दल (उत्तर काढायचं नसतं, दिलेली विधानं एकेकटी किंवा मिळून त्याला पुरतात का, एवढंच सांगायचं असतं) हमखास हेच विचारतात: किंमत आणि नगांच्या प्रश्नात अज्ञातं दोन, समीकरण एकच, मग आन्सर की ‘माहिती पुरेशी’ कशी म्हणते?

कारण अर्धी चादर कुणी विकत नाही. नवी पेठेतलं एक बिल घ्या. चादर ३५० रुपये, टॉवेल १२०, एकूण १७७०. चादरी किती? चादरी ‘च’ आणि टॉवेल ‘ट’ धरून दहाने भागा: ३५च + १२ट = १७७. १२ट सम, १७७ विषम, म्हणून च विषमच हवा. १ घेतला तर १४२ उरतात, १२ ने भाग जात नाही. ३ घेतला तर ७२, म्हणजे ६ टॉवेल. ५ घेतला तर उरतात २. संपलं. एकच जोडी, माहिती पुरेशी.

आता चादर ३०० ची करा आणि बिल १८०० चं. ६० ने भागून ५च + २ट = ३०. इथे ४ चादरी-५ टॉवेल चालतात आणि २ चादरी-१० टॉवेलही. माहिती अपुरी. सामाईक अवयव काढला की टॉवेलसमोरचा आकडा म्हणजे चादरींची उडी. आधीच्या बिलात उडी १२ ची होती, तेवढे पैसेच नव्हते. इथे ती फक्त २ ची. म्हणून पहिली जोडी सापडली की थांबू नका, दोन्ही बाजूंना एकेक उडी मारून बघा.

हे फक्त नगांना लागू. शेंगाचटणी किलोच्या भावाने आली की पावशेर, दीड किलो सगळंच चालतं आणि ही युक्ती गळून पडते. किंमतच अज्ञात असेल तर ती पूर्ण रुपयांत आहे असं मनाने धरू नका.

उलटी फसगतही होते. पहिलं विधान: ३ चादरी, २ टॉवेल मिळून १२९०. दुसरं: ६ चादरी, ४ टॉवेल मिळून २५८०. दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. दोन्ही एकत्र केली तरी चादरीची किंमत निघत नाही. पण ९ चादरी, ६ टॉवेलचं बिल विचारलं असेल तर एकटं पहिलंही पुरतं: ३८७०. विचारलंय काय, ते आधी अधोरेखित करा.

आणि दुसरं विधान वाचताना पहिलं हाताने झाकाच. पहिल्यातला भाव नकळत दुसऱ्यात वापरला जातो आणि ‘दोन्ही मिळून पुरेशी’च्या जागी ‘दुसरं एकटं पुरेसं’ यावर खूण होते.