गच्चीवरचा टोमॅटो: काठी, सुतळी आणि बगलफूट

रोपवाटिकेत टोमॅटोचं रोप घेताना आधी विचारून घ्यावं, झुडपी जात आहे की वाढती? झुडपी जात ठरावीक उंचीला थांबते आणि फळंही थोड्या दिवसांत उरकते. तिच्या फुटी काढल्या तर आपलंच उत्पन्न घटतं. वाढत्या जातीचा शेंडा मात्र थांबायचं नाव घेत नाही. चेरी टोमॅटो बहुतेक याच गोत्रातले. मी लावले तेही हेच, म्हणून पुढची सगळी उठाठेव.

पाऊस ओसरला तशी लावणी केली. खालची पानं खुडून निम्मं खोड मातीत गाडलं, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलं की मुळ्या फुटतात. काठी त्याच वेळी रोवली. मागाहून रोवायला गेलं की ती नेमकी मुळांतून जाते. पुण्याच्या बुरूड आळीतून अंगठ्याएवढ्या जाडीच्या, ६ फुटी काठ्या आणल्या होत्या. पण ग्रो बॅगमधल्या भुसभुशीत मातीत काठी कितीही खोल रोवा, वारा सुटला की डुलतेच. शेवटी कठड्यावर एक आडवा बांबू बांधून सगळ्या काठ्यांची टोकं त्याला आवळली. नारायणगावकडे मामा टोमॅटो करतात, त्यांच्या तारकाठीचीच, म्हणजे काठ्यांना आडवी तार ताणून झाडं बांधायच्या पद्धतीचीच, ही गच्चीवरची धाकटी आवृत्ती.

बांधायचं ते काठीला घट्ट आणि खोडाला सैल. सुतळीला मध्ये एक पीळ देऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास घ्यायचा. खोड पुढे जाड होतं, म्हणून फासात बोट सहज शिरायला हवं. फास पानाच्या देठाखाली घ्यावा, फुलांच्या घोसाखाली घेतला तर घोस मोडतो. नायलॉनची दोरी काचते. मला सगळ्यात आवडल्या त्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या.

आता बगलफूट. पान खोडाला मिळतं त्या बेचक्यातून ही नवी फांदी तिरकी निघते. फुलांचा घोस बेचक्यात येत नाही, तो दोन पानांच्या मधल्या उघड्या खोडातून येतो. एवढी खूण डोक्यात बसली की फुलं खुडली जाण्याची भीती उरत नाही. बोटभर फूट चिमटीत धरून आडवी वाकवली की कट्कन तुटते. हातांना हिरवट-काळा चिकट थर बसतो आणि साबणाचा फेससुद्धा हिरवा येतो. जाड झालेली फूट ओढू नये, खोडाची साल सोलवटते. तिला स्वच्छ कात्री. हे काम दव वाळल्यावर सकाळी करावं, म्हणजे जखम दिवसात सुकते. आणि तंबाखू मळलेल्या हातांनी झाडाला शिवायचं नाही, मोझॅक या पानं चट्टेरी करणाऱ्या रोगाचा विषाणू तंबाखूतून हातावाटे येऊ शकतो. आमच्याकडे माती वाहून आणणाऱ्या काकांना हे पटवणं छाटणीपेक्षा अवघड गेलं.

थंड देशांतले व्हिडिओ बघून लोक एकच खोड ठेवतात आणि पानंही भादरतात. आपल्या उन्हात मला ते पटत नाही. मी पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट राखली, ती जोमदार असते, आणि झाड दोन खोडांवर वाढवलं. मामा गच्चीवर आले तेव्हा त्यांनी आधी माझी कात्री बाजूला ठेवली. "अगं पोरी, पानं म्हणजे त्याची छत्री. ती काढलीस तर फळ भाजेल ना!" फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उघड्या फळावर पांढरट, कागदासारखे डाग पडतात, ते हेच. तळाची पानं मात्र मी वीतभर उंचीपर्यंत काढली. पाणी घालताना माती उडून त्यांच्यावर बसते आणि करपा तिथूनच वर चढतो. पानावर वर्तुळात वर्तुळं दिसली की समजावं.

मार्चमध्ये रात्री उबदार झाल्या आणि नवी फुलं गळू लागली. तेव्हा शेवटच्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून शेंडा खुडला. उरलेली फळं नीट भरली आणि पिकली.

मधल्या काळात खुडलेल्या मोठ्या फुटी मी पाण्यात ठेवून मुळं आणली आणि वाटून टाकल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन नेल्या. "काठी लावा," म्हणून सांगितलं होतं, पण त्यांनी त्या खिडकीच्या जाळीला ओढणीने बांधल्यात आणि आता खिडकी लागत नाही.