शिवोली, रेमोचं गाव

म्हापशाच्या मामांना म्हटलं, शिवोलीला जाऊन येते.

"काय आहे गं तिथं?"

"रेमोचं गाव."

मामा काही न बोलता आत गेले आणि कपाटातून एक कॅसेट घेऊन आले. गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस याचा अल्बम, 'गोअन क्रेझी', १९८४. आतल्या कागदाची घडी विरलेली, मागून चिकटपट्टी लावून जपलेली.

"कुठली कंपनी काढायला तयार नव्हती. पिवळ्या स्कूटरवरून स्वतः दुकानादुकानांत पोचवायचा तो."

बसमध्ये तेवढंच डोक्यात होतं. रेमो फर्नांडिस १९५३चा, जन्म पणजीचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला, युरोप आणि उत्तर आफ्रिका हिंडला आणि शिवोलीच्या घरी परतला. तिथंच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर हा अल्बम झाला. वाद्यं सगळी त्याची, आवाजही सगळे त्याचेच. अशा यंत्रात टेपवर आवाजाच्या चार वेगळ्या पट्ट्या असतात, तेच ट्रॅक. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवतात, मग तीन पुन्हा मोकळे होतात. पण एकदा उतरवलं की त्यातली गिटार नंतर वेगळी काढून कमी-जास्त करता येत नाही, आणि दर खेपेला टेपची सळसळ वाढते. म्हणजे गाणं शेवटापर्यंत मनात तयार हवं. मला या माणसाचं सगळ्यात मोठेपण इथं वाटतं. 'जलवा', 'हम्मा हम्मा' ही सिनेमातली गाणी, २००७ची पद्मश्री हे पुढचं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवोलीत उतरून शापोरा नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले. त्याचं घर शोधलं नाही, कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं मला पटत नाही. कठड्याला टेकून इअरफोनवर 'पॅक दॅट स्मॅक' लावलं. १९८६चा हा अल्बम, त्याच नावाचं गाणं थेट ड्रग्जविरुद्ध. हणजूण, वागातोरचे किनारे इथून जवळच. जिथं हे विष विकलं जात होतं तिथंच राहून, तिथल्याच पोरांना रॉकमधून सांगायचं, याला छाती लागते. खाली पाण्यात एक होडकं जाळं ओढत होतं. गाणं संपल्यावर मी ते परत लावलं.

संध्याकाळी घरी आले तर मामांनी माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढून पुसून ठेवला होता. पट्टा सैल झाल्यामुळे आवाज जरा जड येत होता. आधी नुसती सळसळ, मग गिटार. मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"दुसरी बाजू लावा," त्या म्हणाल्या.