आमची वाटचाल : तबल्या-पखवाजाच्या खोळींपासून कडक पेटीपर्यंत

वाजवून वाजवून झिजलेली पुडी, म्हणजे वाद्याच्या तोंडावरचं कातडं, दुरुस्तीला आली तर आम्हाला वाईट वाटत नाही. पुडी बदलायचीच असते. जीव हळहळतो तो चिरलेलं खोड (वाद्याचं लाकडी अंग), पोचा आलेला डग्गा किंवा उंदरांनी कुरतडलेलं कातडं समोर आलं की. ही नुकसानं होतात वाद्य बंद असताना, म्हणजे माळ्यावर, गाडीच्या डिकीत, रेल्वेच्या बर्थखाली. आमचा धंदा याच गोष्टीभोवती वाढला.

सुरुवात सासूबाईंची. इंदूरच्या रामबागेतल्या घरी त्या शिवणकाम करत, आणि आसपासची तबला शिकणारी मुलं खोळी शिवून घ्यायला येत. या शहरात हे गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. नाना पानसे होळकरांच्या दरबारी होते, त्यांची पखवाजाची परंपरा पुढे आगळे घराण्याने इथेच चालवली, तबल्यात जहांगीर खाँसाहेबांनी इंदुरातच बस्तान बसवलं. त्यामुळे जुन्या मराठी घरांत अजून एखादा पखवाज निघतोच. खोळ मात्र सगळ्यांची एकच, जाडसर कापड आणि तोंडाशी नाडी. धूळ बसू नये एवढ्यापुरती.

मग एका दिवाळीच्या तोंडावर ओळखीच्या एक काकू रडवेल्या होऊन आल्या. घराची झाडझूड चालली होती. मुलाने माळ्यावरून पखवाज खाली द्यायला घेतला, खोळीची नाडी तुटून हातात राहिली आणि पखवाज ओट्याच्या कडेवर आपटला. शिसवी खोड उभं चिरलं होतं. पखवाज काकूंच्या सासऱ्यांचा, पंढरीनाथाच्या देवळात भजनाला साथ केलेला. "घरात कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही हो, तेच जास्त लागतंय," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे पुड्या बसवणारे चाचा तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. त्यांनी दोन्ही पुड्या उतरवल्या, चिरेत लाकडाचा भुसा आणि सरस भरला, खोड आवळून वाळू दिलं आणि पुड्या ताणून धरणारी चामड्याची वादी नव्याने ओढली. पखवाज पुन्हा बोलू लागला. पण आस, म्हणजे थापेनंतर घुमत राहणारा नाद, पूर्वीइतकी लांबत नव्हती, आणि तसं होणार हे चाचांनी काम हाती घेण्याआधीच काकूंना सांगितलं होतं. पुडी नवी येते, तिच्यावरची काळी शाई नवी चढते, खोड मात्र जन्माचं एकच. त्या पखवाजाला नीट धरायला काही असतं तर तो पडला नसता, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. तिथून आमच्या खोळीचं रूप बदललं. पोटाखालून पूर्ण फिरणारा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना मुठी, दोन्ही तोंडांवर पातळ प्लायवूडची चकती आणि तिच्या आत गादी. चकतीमुळे वर कुणी बॅग ठेवली तरी भार पुडीवर येत नाही. बकला-कड्या सियागंजच्या बाजारात हिंडून निवडल्या. हलक्या बकला पहिल्याच पावसाळ्यात गंजतात.

पुढचं शिक्षण चाचांच्या शेजारी बसून झालं. फाटलेली पुडी हातात घेतली की ती कशाने फाटली हे ते सांगतात. सगळ्यात मोठी शत्रू निघाली स्वर लावायची हातोडी. तबल्याच्या पिशवीत ती मोकळी टाकायची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते आणि गाडी खड्ड्यात आदळली की ती थेट शाईवर बसते. म्हणून आम्ही तिला बाहेरून वेगळा कप्पा दिला. पाण्याच्या बाटलीसाठी कप्पा मात्र कितीही मागणी आली तरी देत नाही. शाई म्हणजे लोहकीस आणि भाताची खळ यांचे थरावर थर दगडाने घोटलेले असतात, त्यांना मुद्दाम बारीक भेगा पाडलेल्या असतात. त्या भेगांत पाणी उतरलं की थर सुटू लागतात.

पखवाजवाल्यांना एक गोष्ट हात जोडून सांगते. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक कार्यक्रम संपल्यावर तिथल्या तिथे खरवडा, जागा पुसा, वाळू द्या, मगच खोळ चढवा. कणकेच्या वासाला आलेला उंदीर कापड, फोम आणि कातडं तिन्ही कुरतडतो. त्याला थोपवणारी खोळ आम्हालाही शिवता आलेली नाही.

हवेचं म्हणाल तर मे महिन्यात इथला पारा 40 च्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या तबल्याचं कातडं इतकं ताणतं की किनारीशी फाटतं. प्रवासाआधी वादीखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर सारून ताण कमी केलेला बरा. पावसाळ्यात उलटं, कातडं ढिलं पडतं आणि स्वर उतरतो. लोक काळजीपोटी वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात आणि आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. आमच्या खोळीला बाहेरून पाणी न शिरणारं कापड आणि आतून सुती अस्तर असतं ते यासाठी. ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटंही देतो, पण चार-आठ दिवसांनी वाद्य काढून वाजवणं याला पर्याय नाही. 2020 च्या टाळेबंदीत ते फार स्पष्ट दिसलं. मैफली बंद, शिकवण्या बंद, आम्ही मास्क शिवत होतो. सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा दुरुस्तीला रांग लागली, आणि त्यातली कित्येक वाद्यं महिनोन्महिने कुणी उघडलीच नव्हती.

मधल्या काळात जीएसटी क्रमांक घेतला, बाहेरगावी माल जाऊ लागला. एका व्यापाऱ्याने मोठी मागणी दिली होती, फक्त फोम पातळ करा म्हणाला. नाही म्हटलं. आमचं नाव शिवलेल्या खोळीत कुणाच्या आजोबांचा डग्गा पोचावा हे मला झेपणार नाही.

सध्या पखवाजासाठी फायबरची कडक पेटी करतो आहोत. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्या दोन वादकांनी नमुना नेऊन पाहिला. पेटी भक्कम आहे, पण वयस्कर माणसाला फलाटावर उचलवत नाही. चाकं लावली तर दणक्यांनी गठ्ठे सरकतात. वजन उतरल्याशिवाय ती विकायला काढणार नाही. तोवर घरात जुना तबला, पखवाज, ढोलकी असेल तर मृगाच्या आधी दुकानात घेऊन या. चाचा सकाळी बसतात, आणि नुसतं तपासून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. येताना वादीला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी खोड धरा.