राजवाड्यावर गेलेला आवाज

29 जून 2024, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 हवे होते तेव्हा मी वैतागून किचनमध्ये जाऊन बसले होते, मग शेवटच्या ओव्हरला सूर्याने बाउंड्रीवर तो कॅच घेतला आणि माझ्या तोंडून जे काही निघालं ते ऐकून खालच्या काकू अनवाणी वर आल्या, काय झालं गं म्हणून. मग राजवाडा. इंदूरात मॅच जिंकली की राजवाड्यावर जायचं असतं, कोणी बोलवावं लागत नाही. तिथे दीड-दोन तास नुसतं ओरडणं.

सकाळी उठले तर आवाज नाहीच. घसा बसला वगैरे नाही, तोंड उघडतंय आणि फक्त हवा. आणि पोट का दुखतंय ते कळेना, रात्री तर धड काही खाल्लंही नव्हतं!

रविवारभर मी कुजबुजत बोलले, म्हटलं तेवढाच आराम. सोमवारी नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांनी आधी तेच बंद करायला लावलं. कुजबुजताना बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त आवळला जातो म्हणे, बोलायचं तर हळू पण नेहमीच्या आवाजात, नाहीतर गप्प. आईने रात्रीपासून पाणी, हळदीचं दूध, मुलेठी असा मारा चालवला होता, पण गिळलेलं काही स्वरतंतूंवर पडतच नाही, ते श्वासाच्या वाटेवर आहेत आणि गिळताना ती वाट बंद होते. (पडलं तर ठसका लागतो.) पाणी प्यायचं ते अख्ख्या शरीरात ओलावा राहावा म्हणून. वाफ मात्र तिथवर पोचते. आईला हे अजून पटलेलं नाही.

मग दुर्बीण घातली. जेमतेम सेंटिमीटरभराच्या दोन पट्ट्या, लालभडक, सुजलेल्या. बाई साधं बोलते तेव्हा त्या सेकंदाला 200च्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात, किंचाळताना हाच आकडा हजारापर्यंतही जातो, आणि आपटतातही जोरात. कधी एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आवाज एका झटक्यात जातो, माझं तेवढं मात्र झालं नव्हतं. पोटाचं कोडंही तिथेच सुटलं, ओरडताना हवा खालून रेटायला पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू लागतात, म्हणजे मी रात्रभर व्यायामच केला होता. आणि छातीतली धडधड, पहाटे 3 पर्यंत झोप नाही, ती अ‍ॅड्रेनलिनची कृपा.

मी राजवाड्याची कथा रंगवून सांगत होते, तर डॉक्टर मध्येच म्हणाले, "मॅडम, टीचर हो क्या?"

कारण दोन्ही तंतूंवर समोरासमोर छोटे टेंगूळ यायला लागले होते आणि ते काही एका रात्रीत येत नाहीत. रोज 40 पोरांवर "चुप बैठो" ओरडण्याची ती कमाई, अकरा वर्षांची. सूज आठवड्यात उतरेल म्हणाले, टेंगळांसाठी बोलण्याची थेरपी, आणि 3 आठवड्यांनीही आवाज घोगराच राहिला तर परत दाखवा.

राग आला खरं तर. शास्त्रीय गायक उस्ताद आमीर खाँ साहेबांच्या, संथ गायकीच्या इंदूर घराण्याच्या गावात राहून आवाज शांतपणे लावायचा असतो हे मला पैसे भरून कळावं!

मंगळवारी वर्गात सगळं फळ्यावर लिहिलं, तोंड बंद. पाचेक मिनिटांनी बघते तर पोरंही आपापसात कुजबुजतायत, आणि पहिल्या बाकावरचा एकजण शेजारच्याला सांगतोय, "मैडम बहुत गुस्से में हैं."