तुम्ही विचारलंत म्हणून: हॅम्लेट तेव्हाच का मारत नाही?

शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. तिसऱ्या अंकात क्लॉडियस, हॅम्लेटचा काका, आताचा राजा आणि बापाचा खुनी, एकटाच गुडघे टेकून बसलाय. पहारा नाही. मागे हॅम्लेट तलवार उपसून उभा. मग मारत का नाही? भित्रा आहे का?

भित्रा मुळीच नाही. पुढच्याच प्रवेशात पडद्याआडून आवाज येताच तो बेधडक तलवार खुपसतो, राजाचा मंत्री पोलोनियस मरतो. इथे हात थांबतो, कारण काका प्रार्थना करतोय. पश्चात्ताप करताना मेला तर थेट स्वर्गात जाईल. आणि बाप? झोपेत कानात विष ओतून मारलेला. मरणाआधीचे ख्रिस्ती विधी झालेच नाहीत: पापांची कबुली नाही, शेवटचा प्रसाद नाही, अंगाला तेल नाही. त्याचं भूत सांगतं, पापं जळून जाईपर्यंत दिवसभर आगीत राहायचं. हॅम्लेटला काकाचा नुसता जीव नकोय, त्याचा आत्मा नरकात जायला हवाय. मला नाटकातली ही सगळ्यात भयंकर जागा वाटते. सूड देवाच्या हाती सोडा, असं बायबल बजावतं; हा तर देवाचा निवाडाही स्वतःच करायला निघालाय.

त्यात ते भूत येतं पर्गेटरीतून, म्हणजे स्वर्गाआधी पापं जळून जायच्या जागेतून, आणि पर्गेटरीची कल्पना इंग्लंडच्या चर्चने 1563 मध्येच फेटाळलेली. नाटक 1600 च्या आसपासचं. ज्यांच्या आजी-आजोबांनी मेलेल्यांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, म्हणवून घेतल्या, असे लोक ते बघत होते. हॅम्लेट शिकला जर्मनीतल्या विटेनबर्गला, प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याच्या गावात. हे भूत म्हणजे बापाच्या रूपातला सैतान तर नाही, ही शंका त्याला येणारच.

दरबारात तरी दाद कुठे मागणार? न्याय देणारा राजा तोच खुनी. प्रत्येक पडद्यामागे कान, लहानपणचे मित्रसुद्धा हेर. आणि राजहत्येपेक्षा मोठं पाप त्या काळी नव्हतं.

आगरकरांनी 1883 मध्ये या नाटकाचं भाषांतर केलं, नाव ठेवलं ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ. आगरकरांबद्दल मला अपार आदर आहे, पण ते नाव आपल्याला हॅम्लेटच्या मनातच कारण शोधायला लावतं. मी विद्यार्थ्यांना आधी त्या गुडघे टेकलेल्या माणसाकडे बघायला सांगते. हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना झालीच नव्हती.